आत्म्यांचा शनिवार

आईला वर काढायचा दिवस ठरला, तेव्हा थेमेलिनानं दोन्ही भावांना निरोप पाठवला. धाकट्या मिनासचं "येतो" असं लगेच उत्तर आलं. थोरला साकेलारिस बोटीवर दोर गुंडाळत होता. त्यानं निरोप ऐकून घेतला, मान हलवली आणि पुन्हा दोर गुंडाळायला लागला. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे निरोप नेणाऱ्या बाईला काही सांगता येईना.

आई कालोतिनाला जाऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांनी थडगं उघडायचं, हाडं वाईननं धुवायची, पेटीत घालून देवळामागच्या खोलीत ठेवायची, हे तिच्या आईचं झालं होतं, आजीचं झालं होतं. गावाची दफनभूमी डोंगराच्या खांद्यावर, हातभर रुंद. नव्या माणसाला जागा हवी तर जुन्यानं उठायला हवं. आणि दिवस ठरला तो ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या आदल्या शनिवारचा, आत्म्यांच्या शनिवारचा. ईस्टरला मोकळे सुटलेले मेलेले त्या दिवशी शेवटचे आपल्या माणसांत असतात. दुसऱ्या दिवशी देवळात सगळे गुडघे टेकतात आणि परतणाऱ्या मेलेल्यांच्या मागे दार लागतं.

शनिवारी सकाळी थेमेलिना उकडलेले गहू परातीत पसरत होती. वरून साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. एवढ्यात साकेलारिस दारात उभा राहिला. टोपी डोक्यावर तशीच.

"ताई, दोन वर्षं थांबू या."

"आत ये आधी. मेलेल्यांच्या ताटावर सावली पाडू नकोस."

तो आत आला, पण बसला नाही. "माती चिकण आहे तिथली. हिवाळाभर पाऊस. पाणी धरून ठेवते ती जागा."

"असं मारुक्ला म्हणाली?"

"मी म्हणतोय."

"तू कधीपासून तिच्यासारखा कबरी खणायला लागलास? समुद्र सोडलास वाटतं."

साकेलारिस हसला नाही. थेमेलिना त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं नाही म्हणून तोही लग्नाचा थांबला होता. बहिणीला उजवल्याशिवाय भावानं बोहल्यावर चढायचं नाही ही इथली रीत. मिनासनं ती मोडली आणि आनेझाशी लग्न केलं, तो वेगळा इतिहास. थांबता थांबता साकेलारिसची पन्नाशी आली. स्पंज काढणारी अख्ख्या बेटातली सगळ्यात चांगली बोट त्याची होती. सगळे त्याला कप्तान म्हणायचे, अगदी भावजयसुद्धा. आणि हा कप्तान आता ओट्याला धरून उभा होता.

"ती विरली नसेल तर?" तो म्हणाला.

थेमेलिनाच्या चिमटीतली साखर एकाच जागी पडत राहिली.

खोटी शपथ घेतलेल्याला माती खात नाही, हे या बेटावर पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. दोघांनी ते शब्द उच्चारले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी आईनं सगळ्या गावासमोर देवदूताच्या तसबिरीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पाणबुडा फोतिस त्या सकाळी माझ्या घरी आला, माझ्या टेबलापाशी बसून प्यायला. मीच ओतली त्याला. तसाच बोटीवर गेला." म्हणजे पाण्यात तो मेला तो स्वतःच्या दारूपायी, कप्तानाचा दोष नाही. फोतिस आनेझाचा सख्खा भाऊ. आनेझाला त्या वेळी मिनासची बायको होऊन दोन वर्षं झाली होती.

थेमेलिना त्या दिवशी सकाळपासून याच स्वयंपाकघरात होती. कुणी आलं नव्हतं. शपथेच्या आदल्या संध्याकाळी आई तिला म्हणाली होती, "तू घरात नव्हतीस. तू विहिरीवर गेली होतीस." आणि थेमेलिना नऊ वर्षं विहिरीवरच राहिली होती.

"तू सांगितलं होतंस तिला शपथ घ्यायला?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"नाही. देवाशपथ नाही."

"देवाची शपथ नको बाबा आता."

"ती आपणहून उठली, ताई. देवळात, सगळ्यांसमोर. मला काही कळायच्या आत."

"आणि तू?"

साकेलारिस खिडकीतून खाली बंदराकडे बघत राहिला. "मी बसून राहिलो."

थेमेलिनानं फडक्यानं परात झाकली. "मारुक्लाला सांगून झालंय, देवळात पापा निकितासना सांगून झालंय. आज मागे फिरलो तर लोक कारण विचारतील. काय सांगशील त्यांना? चल, टोपी काढ आणि ही परात धर. जपून धर पण, नाहीतर सगळे दाणे वाटेवर सांडशील."

*

दफनभूमीची वाट पायऱ्यापायऱ्यांची. आनेझाच्या एका हातात वाईनची बाटली, दुसऱ्या हातात पांढरं धुतलेलं कापड. मिनास तिच्या बाजूनं, उतरणीच्या कडेनं चालत होता. तो नेहमी त्या बाजूनं चालायचा.

"नसेल यायचं तर घरी जा तू," तो हळूच म्हणाला. "मी सांगेन, बरं नाही म्हणून."

"शेवटपर्यंत मी भरवलंय तिला. आता हाडं धुवायला नाही गेले तर गाव काय म्हणेल?"

"गाव काहीही म्हणू दे."

"सुनेच्या मनात शाप होता म्हणेल."

मिनासनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो कधी आवाज चढवून बोलत नसे. फोतिस गेला तेव्हा सगळ्या घरात तोच एकटा तिच्या आईकडे जाऊन बसला होता. शपथेनंतर आनेझा सासरी पाऊल टाकायला तयार नव्हती, तेव्हाही तो म्हणाला होता, "नको जाऊस. मी आहे." पण शेवटी गेली. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, थेमेलिना एकटी पडली, आणि आनेझा रोज दुपारी जाऊन त्यांना चमच्यानं सूप भरवायला लागली. लोक म्हणाले, केवढं मन! आनेझाला ठाऊक होतं की ते मन नव्हतं. त्या घरात बसून ती म्हातारीच्या तोंडाकडे बघायची. त्या तोंडातून दोन शब्द तरी खरे निघतील का, याची वाट बघायची.

फोतिस प्यायला नव्हता हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ईस्टरला त्यानं नवस केला होता, सफर संपवून परत येईपर्यंत थेंब घ्यायचा नाही म्हणून. मिनासला तिनं हजारदा विचारलं होतं, "तू होतास ना बोटीवर?" मिनास हजारदा म्हणाला होता, "मी खाली फळ्यांखाली होतो गं, दोर लावत. वर आलो तेव्हा सगळं झालं होतं."

दफनभूमीच्या फाटकाशी आज सगळं गाव होतं. प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या, परातीत गहू, धर्मगुरू पापा निकितास मेलेल्यांच्या नावांची यादी वाचत एका थडग्यावरून दुसऱ्यावर जात होते. आनेझा आत शिरली तशा दोन-तीन बायकांनी माना वळवल्या आणि पुन्हा सरळ केल्या. आज काय बघायला मिळेल याची तिला जेवढी भीती वाटत होती, त्याहून जास्त भीती एका दुपारची वाटत होती. ती दुपार तिनं कुणालाच, अगदी मिनासलाही, सांगितली नव्हती.

*

मारुक्ला सत्तरीची होती आणि गावातल्या कबरी तीच उघडायची, तिच्या आईनंतर. फावडं मातीत रोवून ती थडग्याच्या कडेला बसली होती.

"या, कप्तान. चाळीस वर्षं गावातल्यांना झोपेतून उठवतेय, अजून एकानंही शिवी दिली नाही. तुमची आईही नाही देणार."

आजूबाजूला कुणीतरी हसलं. साकेलारिसनं परात थेमेलिनाकडे दिली आणि टोपी काढून हातात धरली.

माती निघत होती. ओली, काळपट, ढेकळांची. तो प्रत्येक फावड्याबरोबर मोजत होता आणि मोजतो आहोत हे लक्षात आल्यावर थांबत होता. पाण्याखाली तो शेकडो वेळा गेला होता, चाळीस-चाळीस पुरुष खोल. तिथं त्याला भीती वाटली नव्हती असं नाही, पण तिथं दोर होता, ओढला की वर घेणारं कुणीतरी होतं. इथं काय ओढायचं?

फावडं लाकडावर वाजलं.

"फळी शाबूत आहे," मारुक्ला म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती. ती गुडघ्यावर बसली, हातानं माती सारली, फळीखाली बोटं घातली आणि उचलली. वास आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल नाकाला लावले.

मारुक्लानं आत वाकून बघितलं. मग हळूहळू सरळ झाली आणि क्रूसाची खूण केली. एकदा, दोनदा, तीनदा.

"काय आहे?" थेमेलिना म्हणाली. "मारुक्ला! काय आहे?"

"तशीच आहे, बाई."

"तशीच म्हणजे?"

"डोक्याचा रुमाल सोडला नाही तिनं. चेहरा आहे. हात आहे." मारुक्ला साकेलारिसकडे न बघता म्हणाली. "मातीनं घेतलं नाही तिला."

गर्दी मागे सरली, आणि मागच्यांना बघायचं होतं म्हणून पुन्हा पुढे आली. साकेलारिसनं बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. काळ्या रुमालाखाली आईचं कपाळ होतं, चामड्यासारखं, भुवयांच्या मधली आठी जशीच्या तशी. काहीतरी बोलायचं राहून गेलेल्या माणसासारखं तिचं तोंड किंचित उघडं होतं.

"झाका," तो म्हणाला. "झाका ते!"

"थांबा." पापा निकितास पुढे आले. म्हातारे होते, दमेकरी होते, पण आवाज अजून देवळाच्या घुमटाला भिडायचा. "अशी झाकून नाही चालणार, कप्तान. हिच्या आत्म्याला काहीतरी अडलंय. इथं कुणी आहे का, ज्याच्या मनात हिच्याबद्दल राग आहे?"

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेनं गेल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "सुनेचा शाप."

आणि तेव्हा थेमेलिना आनेझावर ओरडली. पुढे कितीतरी दिवस तिला कळलं नाही की आपण तिच्यावर का ओरडलो. पायाखाली आईचा चेहरा होता, आणि ती भीती कुणावर तरी टाकायची होती. "तूच होतीस शेवटी तिच्याजवळ! मी बेकरीत होते. तू काय बोललीस तिला? काहीतरी बोललीस ना?"

"ताई!" मिनास मधे आला. "तिनं सहा महिने आईचं सगळं केलंय."

"मग आईचं तोंड असं का आहे?"

"बोलू दे मला," आनेझा म्हणाली. तिनं बाटली आणि कापड जमिनीवर ठेवलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "मी काही बोलले नाही. तिनं माझी बाही धरली होती. ज्या डाव्या हातात जीव होता, त्यानं. तोंड उघडलं. शब्द फुटत नव्हते, पण ती प्रयत्न करत होती. 'फो... फो...' म्हणत होती. मी बाही सोडवली आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेले. विहिरीवर बसून राहिले. परत आले तेव्हा ती गेली होती."

"का गेलीस बाहेर, पोरी?" पापा निकितासनी विचारलं.

"तिनं सांगितलं असतं तर मला माफ करावं लागलं असतं. मला करायचं नव्हतं."

"मग आता कर."

"कशाबद्दल, पापा?" आनेझानं मान वर केली. "सांगा कुणीतरी. नऊ वर्षं मी वाट बघतेय. ज्याचं नाव कुणी घेत नाही, ते मी माफ कसं करू?"

थेमेलिना मोठमोठ्यानं रडायला लागली होती. रडता रडताच ती म्हणाली, "फोतिस आमच्या घरी आलाच नव्हता त्या दिवशी. मी घरात होते. विहिरीवर नव्हते मी. घरात होते."

साकेलारिसला वाटलं, आता गप्प राहिलं तरी चालेल. बहीण बोलली, झालं. उद्या लोक म्हणतील म्हातारीनं मुलासाठी खोटं सांगितलं. आई होती ती. पण खाली ते तोंड उघडंच होतं. आणि उद्या गुडघे टेकायचे होते, दार लागायच्या आधी.

"तो दोनदा खाली गेला होता," साकेलारिस म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "दुसऱ्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, कप्तान, पाय जड झालेत. पाणबुड्यांच्या दुखण्याची ती सुरुवात असते, मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. पण खाली स्पंजांचा पट्टा चांगला लागला होता आणि संध्याकाळपर्यंत वारा फिरणार होता. मी म्हटलं, एकदाच. शेवटचं. तो गेला. वर ओढला तेव्हा..." त्यानं टोपी मुठीत चुरगाळली. "तो प्यायला नव्हता. माझ्या बोटीवर त्याच्याइतका शुद्धीत कुणी नव्हतं."

आनेझा थडग्याशी गेली. गुडघे टेकले, कडेची माती धरली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"देव तुम्हाला क्षमा करो, सासूबाई," ती म्हणाली. रीतीप्रमाणे तीनदा म्हणायचं असतं, ती तीनदा म्हणाली. "मी केली. तुम्ही सांगायला निघाला होतात. मीच उठून गेले."

तिनं वाईनची बाटली उघडून अर्धी त्या रुमालावर, कपाळावर, हातावर ओतली. पापा निकितासनी क्षमेची प्रार्थना वाचली, मधेच खोकत, थांबत. मारुक्लानं फळी पुन्हा ठेवली. दोन वर्षांनी परत बघू, असं ती पुटपुटली आणि माती लोटायला लागली.

"आनेझा," साकेलारिस म्हणाला. "आणि मला?"

"तुम्ही जिवंत आहात, कप्तान. तुम्हाला कसली घाई?" तिनं गुडघ्यावरची माती झटकली. "आधी माझ्या आईला सांगा. लेकाला दारुडा म्हणतात हे ऐकत ऐकत गेली ती. तिकडे आहे, चार रांगा खाली. याच आवाजात सांगा. गावाला ऐकू जाईल असं."

तो गेला. गाव त्याच्यामागे गेलं. आनेझाच्या आईच्या थडग्याशी, पेटत्या मेणबत्तीसमोर उभं राहून त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. "तुमचा मुलगा प्यायला नव्हता," हे तो दोनदा म्हणाला. बोलून झालं तेव्हा तो घामानं भिजला होता, आणि बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या पाणबुड्यांपैकी दोघं खाली मान घालून फाटकाकडे चालायला लागले. ते त्याच्या बोटीवर परत येणार नाहीत हे त्याला समजलं.

तेवढ्यात म्हातारा स्केवोस पुढे आला. पाणबुड्यांच्या दुखण्यानं त्याचे पाय वीस वर्षांपूर्वीच गेले होते; कुबड्यांवर लटकत चालायचा, आणि फोतिस गेला त्या वेळी बोटीवर पाणबुड्यांना हवा पोचवणाऱ्या पंपाचं चाक फिरवायला असायचा.

"आम्हाला ठाऊक होतं, कप्तान," तो म्हणाला. "कशाला एवढं सांगता? आम्ही सात जण होतो बोटीवर. पाय जड झालेत म्हणाला ते सातही जणांनी ऐकलं."

"सात?" आनेझा म्हणाली.

स्केवोसच्या ध्यानात आलं, पण उशिरा. तो कुबडी जमिनीत रोवून दुसरीकडे बघायला लागला.

आनेझा हळूहळू वळली. मिनास तिच्या मागेच होता, हातभर अंतरावर, सकाळपासून होता तसाच.

"तू खाली होतास ना," ती म्हणाली. "फळ्यांखाली. दोर लावत."

मिनासनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मिनास."

"टोप मीच घातला त्याला," मिनास म्हणाला. "तिसऱ्यांदा. पाणबुड्याचा तांब्याचा टोप, मीच फिरवून बसवला. काच लावायच्या आधी त्यानं माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही, माझ्याकडे. मी काहीतरी म्हणेन असं वाटलं असेल त्याला." तो लहान मुलासारखा श्वास घेत होता. "आनेझा, मी रोज सांगणार होतो. रोज."

तिनं त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. एवढ्या वर्षांत वाटेच्या कडेच्या बाजूनं चालणारा हा माणूस, आणि तिला त्या क्षणी आठवत होतं की आईच्या घरी बसायला तो पहिल्याच दिवशी आला होता, तेव्हा त्याच्या हातांना तांब्याचा वास होता.

"आज घरी येऊ नकोस," ती म्हणाली.

"कुठं जाऊ मग?"

"भावाकडे जा. घर माझ्या आईनं मला दिलंय." आणि ती फाटकातून बाहेर पडली. कुणी तिला वाट करून दिली नाही, तरी वाट झाली.

पायऱ्या उतरताना तिच्या मागून पावलं येत होती. पुरुषाची असती तर ती पळाली असती. पण ती बायकी पावलं होती, जड, अडखळणारी.

"थांब जरा," थेमेलिना धापा टाकत म्हणाली. "मी पण येते. मला आत घेशील का?"

"तुम्हाला ठाऊक होतं, ताई."

"होतं."

"नऊ वर्षं."

"होतं गं. आज बोलले. उशिरा बोलले, आणि आधी तुझ्यावरच ओरडले. तिकडे त्या दोघांबरोबर मला जाववत नाही. आईच्या घरात आज एकटीला बसवणार नाही. भीती वाटते."

आनेझानं वळून बघितलं नाही, हो म्हणाली नाही. खाली बंदरात घंटा वाजायला लागल्या होत्या. वाट जिथं वळते तिथं एक पायरी गुडघ्याएवढी उंच होती. ती उतरून आनेझा खाली उभी राहिली, आणि मागे न बघता तिनं एक हात वर धरला, थेमेलिनाला आधाराला.